विसाव्या पायरीवरचे सर

ती गाडी मी ठोकली होती. भूकंपानं नाही, कावळ्यानं नाही आणि सरांनी तर मुळीच नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, स्वच्छ उन्हात, जपानमधल्या सेंदाई शहरात, जुन्या वस्तू विकणाऱ्या एका रिसायकल शॉपच्या आवारात गाडी मागे घेताना मी तिचं मागचं डावं दार कमरेएवढ्या पिवळ्या खांबावर घातलं. आवाज फार मोठा झाला नाही. रिकाम्या डब्यावर कुणी बुक्की मारावी तेवढाच झाला. पण आता माझे स्वतःचे केस पिकायला लागले तरी कुठे डबा वाजला की मी मागे वळून बघतो.

ठोकली हा पहिला गुन्हा. तो एखाद्याच्या हातून होऊ शकतो. त्यानंतर आठ दिवस मी गप्प बसलो, हा खरा गुन्हा. त्या आठ दिवसांत सरांनी जे जे केलं ते आठवलं की मला हसू आवरत नाही, आणि हसून झालं की तोंड लपवावंसं वाटतं. दोन्ही एकदमच होतं, त्याला माझा इलाज नाही.

सर तसे माझे सर नव्हते. मी तिथे पोस्टडॉक म्हणून गेलो तेव्हा त्यांना विद्यापीठातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मूळचे कराडचे. तरुणपणी शिकायला म्हणून आले आणि परत जायचं राहूनच गेलं. सेंदाईत तेव्हा मराठी घरं मोजून चार, आणि चारही घरांत त्यांना नुसतं 'सर' म्हणत. संपूर्ण टक्कल, त्यावर लोकरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरायची सवय. विषय धातूंचा थकवा. "धातू थकतो, पण कुरकुरत नाही. एक दिवस एकदम तुटतो," असं ते सांगत. "माणसाचं उलट. जन्मभर कुरकुरतो, तुटत काही नाही." यावर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून विचारत, "हे कुणाला उद्देशून?"

मला घर मिळत नव्हतं. जपानात परक्या माणसाला घर द्यायचं तर मालकाला जामीनदार लागतो आणि माझ्या ओळखीचं तिथे कुणी नव्हतं. सरांची माझी ओळख जेमतेम दोन आठवड्यांची. त्यांनी कराराचे कागद घेतले, तिथे सहीऐवजी मारतात तो आपला शिक्का खिशातून काढला, त्यावर हा हा करून फुंकर मारली आणि दाबला.

"सर, निदान वाचा तरी," मी म्हणालो.

"करार काय वाचायचा? तुला वाचलंय की."

हे वाक्य पुढे त्या आठ दिवसांत मला रोज ऐकू यायचं. दात घासताना जरा जास्तच.

पण सर म्हणजे खरं पाहता त्यांची गाडी. डब्याच्या आकाराची पांढरी छोटी गाडी, आणि ती चालवण्याची त्यांची पद्धत. तिथल्या आगगाडीचे चालक सिग्नल दिसला की त्याकडे बोट रोखून मोठ्यानं उच्चार करतात, सिग्नल हिरवा आहे म्हणून. डोळ्यांनी पाहिलं तरी बोट आणि तोंड साक्षीला घ्यायचं, म्हणजे चूक होत नाही. सरांनी हे उचललं आणि त्याचं मराठीकरण केलं. गाडीत बसण्याआधी ते पांढरे हातमोजे चढवत, गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालत आणि प्रत्येक कोपऱ्याकडे हात ताणून गर्जत:

"पुढचं उजवं! मोकळं!"

"मागचं डावं! मोकळं!"

"काकू! बसल्या!"

थंडीच्या दिवसांत मांजरं उबेला इंजिनाजवळ जाऊन झोपतात, म्हणून बॉनेटवर तीन थापा मारून "उठा, आठ वाजले" असं मराठीतून सांगत. एकदा खरंच एक बोका बाहेर आला. त्यानंतर सेंदाईतल्या मांजरांना मराठी कळतं यावर त्यांचा पक्का विश्वास बसला. शेजारच्या आजी खिडकीतून हे सगळं बघत. त्यांनाही "मोकळं" पाठ झालं होतं. सरांना उशीर झाला तर त्याच वरून ओरडत, "सेन्सेई, मोकाळा!" सेन्सेई म्हणजे सरच.

मला याची भयंकर लाज वाटे. माझ्यासारख्या पुण्याच्या मुलाला चारचौघांत मोठ्यानं बोलायचं म्हणजे संकट, त्यात हवेत बोट रोखून. सर म्हणत, "लाज वाटते ना? त्या लाजेवर खांब उभे असतात." मला वाटलं, हे ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात.

आता पायरीचं सांगतो. जपानात गाडीच्या विम्याला पायऱ्या असतात. नवा माणूस सहाव्या पायरीवरून चढायला लागतो. वर्षभर क्लेम केला नाही तर एक पायरी वर आणि हप्ता कमी. क्लेम केला की धाडकन तीन पायऱ्या खाली, आणि वर काही वर्षं 'अपघातवाला' म्हणून शिक्का. सगळ्यात वरची पायरी विसावी. सर कित्येक वर्षं विसाव्या पायरीवर बसून होते. दर वर्षी विमा कंपनीचं पत्र येई, त्यात 'वीस' हा आकडा असे, आणि ते पत्र काकूंच्या देव्हाऱ्याशेजारी उभं राही. "रोज मी पूजा करते तेव्हा हे हळूच त्यालाही फूल वाहतात," काकू सांगत. "मला दिसत नाही असं त्यांना वाटतं."

२०११ च्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी ही गाडी विद्यापीठाच्या टेकडीवर उभी होती. शेजारची भिंत पडली ती गाडीपासून हातभर अंतरावर. सरांनी त्याचा अर्थ लावला, की भूकंपसुद्धा विसाव्या पायरीला वचकून असतो. मात्र त्यानंतर गाडीला खरं काम लागलं. त्यांच्या प्रयोगशाळेत जन्मभर काम केलेल्या एका वृद्ध तंत्रज्ञाचं समुद्राकाठचं घर त्सुनामीत गेलं होतं. ते दूरच्या तात्पुरत्या वसाहतीत एका खोलीत राहत. तिकडे बस दिवसातून चारदा, तीही लहर लागली तर. दर शनिवारी सर तिथे जात, त्यांना गाडीत घालत आणि गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीला नेत. सोबत काकूंचे पोहे. दोघंही मुलखाचे हट्टी; त्यामुळे पाण्यात बसून पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका बिघडलेल्या भट्टीवरून भांडत. तंत्रज्ञ आजोबा आठवडाभर फक्त त्या भांडणाची तयारी करत, असं त्यांच्या शेजारणीनं काकूंना सांगितलं होतं.

माझी बायको आणि सहा महिन्यांची मुलगी पुण्याहून यायच्या होत्या. घरात वॉशिंग मशीन नव्हतं. रिसायकल शॉपमध्ये एक चांगलं दिसलं, पण आणायचं कसं? सरांनी मी न मागता किल्ली पुढे केली.

"एकच गोष्ट. माझ्या विम्यात फक्त मी आणि काकू. तिसरा कुणी चालवत असेल तर नाही. तू एक दिवसाचा विमा घे. कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातसुद्धा मिळतो. डबाभर जेवणाच्या किमतीत."

"हो सर, घेतो."

रविवारी सकाळी त्यांनी फोन केला. "घेतलास?"

"हो सर."

घेतला नव्हता. कोन्बिनीतल्या मशीनपुढे उभा राहिलो, सगळी जपानी अक्षरं, मागे रांग. चार किलोमीटरचा तर रस्ता, असं म्हणून बाहेर आलो. आणि रिसायकल शॉपच्या आवारात दोन पोरी दारात सिगरेट ओढत उभ्या होत्या, म्हणून मी प्रदक्षिणा घातली नाही आणि बोटही रोखलं नाही. मागचं डावं मोकळं नव्हतं.

मशीन घरी टाकलं. गाडी सरांच्या दारात नेऊन उभी केली, पोचा भिंतीच्या बाजूला. किल्ली पत्रपेटीत टाकली आणि पळालो.

मंगळवारी फोन आला. "ताबडतोब ये. गुन्हा घडलाय!"

मी गेलो. सर गाडीपुढे गुडघ्यावर बसले होते, हातात भिंग, कानाला पेन्सिल. चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. दिवाळीच्या पहाटे पोरांच्या चेहऱ्यावर असतो तसला आनंद होता.

"बघ! काय सुंदर पोचा आहे! कड बघ याची. रविवारी तू ठेवलीस तेव्हा होता का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. अगदी तेव्हा. तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "नाही सर. ठीक होती."

"तू म्हणालास ठीक होती म्हणजे ठीक होती," असं म्हणून सरांनी वहीत लिहिलं, रविवार संध्याकाळ, दार निर्दोष, साक्षीदार विश्वसनीय. मग माझ्या शर्टाचं बटण धरलं. "तपासात तू माझा मदतनीस. मान्य?"

असा मी माझ्याच गुन्ह्याच्या चौकशीवर रुजू झालो.

कुणीही शहाणा माणूस असता तर गॅरेजमध्ये गेला असता, खिशातून दुरुस्ती केली असती आणि मोकळा झाला असता. छोट्या पोच्यासाठी कुणी क्लेम करत नाही, पायरी जाते. विमा एजंट बाईंनी हेच सांगितलं. त्या निळा कोट घालून घरी आल्या, आणि एका कागदावर दोन रकाने काढून आणले होते. क्लेम केला तर पुढे किती हप्ता, खिशातून दिलं तर किती.

"सेन्सेई, खिशातून देणंच फायद्याचं. विसावी पायरी राहील. कुणाला कळणारही नाही."

सरांनी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पोच्याचं चित्र काढायला घेतलं.

"बाई, विसावी पायरी म्हणजे या माणसानं गाडी कुठे आपटली नाही, असं तुमच्या कंपनीचं जगाला प्रमाणपत्र. आपटून, गुपचूप पैसे देऊन मी ते ठेवलं तर ते कॉपी करून पहिलं येणं झालं. माझा नियम सरळ आहे. दोष दुसऱ्याचा असेल तर मी खिशातून देईन, पायरी ठेवीन. दोष माझा असेल तर क्लेम करीन आणि खाली उतरीन."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सगळं जग याच्या उलट करतं," त्या हळूच म्हणाल्या.

"जग सहाव्या पायरीवर आहे," सर म्हणाले.

त्यांची मुलगी तोक्योत एदोगावाला राहते. तिला स्पीकरवर घेतलं. ती इंग्रजी, जपानी आणि मराठी एकाच दमात बोलते. "बाबा, मो ई यो, पुरे झालं! जस्ट पे इट! आणि त्या निमित्तानं मेन्क्यो परत करून टाका ना. यू आर सेव्हंटी-थ्री."

मेन्क्यो म्हणजे लायसन्स. तिथे म्हाताऱ्या माणसांनी ते आपणहून परत करावं असं सगळ्यांना वाटतं. परत केलं की आभाराचं कार्डही देतात. सरांनी फोन काकूंच्या हातात दिला. "माझं डोकं शाबूत आहे तोवर शनिवार चालू राहणार," ते तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "ज्या दिवशी मी गाडी आपटीन आणि मला आठवणार नाही, त्या दिवशी मी स्वतः चालत जाऊन परत करीन."

हे वाक्य ऐकून मी चहा सांडला. काकूंनी फडकं आणलं आणि म्हणाल्या, "तुला बरं नाही का रे? दोन दिवसांत वाळलास."

मग तपास सुरू झाला. पहिला संशयित भूकंप. धक्के अजून येत होते. गच्चीतली कुंडी पडली असेल का? पण भूकंपाचं नुकसान तिथल्या गाडीच्या विम्यात बसतच नाही. सरांनी काकूंच्या कुंड्या मोजल्या. काकूंनी ठणकावलं, "चौदा होत्या, चौदा आहेत. माझ्या कुंड्यांवर आळ घ्यायचा नाही." भूकंप सुटला.

दुसरा संशयित कावळा. सेंदाईचे कावळे हा स्वतंत्र विषय आहे. ते अक्रोड आणून रस्त्यावर ठेवतात, गाडीच्या चाकाखाली फुटला की वेचून खातात. काही तर सिग्नल लाल असताना थांबलेल्या गाडीच्या चाकापुढे नेऊन ठेवतात आणि फुटपाथवर वाट बघत उभे राहतात. सर दर ऑक्टोबरात मुद्दाम नदीकाठून जात आणि एकेक अक्रोड नेमका चाकाखाली घेत. याला ते 'समाजकार्य' म्हणत. "माझं मीठ खाल्लेला कावळा माझ्या दारावर अक्रोड टाकील, हे मनाला पटत नाही," ते म्हणाले, "पण शास्त्रात मनाला विचारत नाहीत."

गॅरेजवाल्याकडून त्यांनी भंगारातलं एक दार आणलं. सर वरच्या गच्चीत, टोपलीभर अक्रोड घेऊन. मी खाली अंगणात, डोक्यावर काकूंचं पातेलं घालून, दोन्ही हातांनी दार आडवं धरून.

"तयार?"

"सर, हे..."

"वर बघू नकोस! अक्रोड, क्रमांक एक! सोडला!"

ठण्ण.

शेजारच्या आजी खिडकीत आल्या. त्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी विचारणं सोडून दिलं होतं. पाचव्या अक्रोडापर्यंत तारेवर सहा कावळे जमले. दहाव्याला ते खाली उतरून माझ्या बुटांजवळ फुटके अक्रोड वेचू लागले. बाराव्या वेळी सरांचा नेम चुकला आणि पातेलं वाजलं, तेव्हा आजी इतक्या हसल्या की त्यांना खिडकीचा आधार घ्यावा लागला. काकू गच्चीतून म्हणत होत्या, "अहो, माझं पातेलं!" सर म्हणत होते, "पातेल्याला पडतो, दाराला पडत नाही! नोंद कर!" आणि मी पातेल्याखाली हसत होतो. खरंच हसत होतो, पोट धरून. त्या हसण्यात एक क्षण विसरलो की हे सगळं माझ्यामुळे चाललंय. मग आठवलं. पातेल्याच्या आत माणूस रडला तर बाहेर दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

निकाल असा लागला की अक्रोडानं असा पोचा पडू शकत नाही. कावळा निर्दोष सुटला. सरांनी वर उरलेले अक्रोड त्याला भरपाई म्हणून दिले.

चौथ्या दिवशी गॅरेजवाला स्वतः येऊन पाहून गेला. जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पोच्याच्या कडेवर नख फिरवलं आणि नख वर धरलं. त्यावर पिवळ्या रंगाचा कण होता.

"खांब," तो म्हणाला. "पिवळा. गाडी मागे घेताना."

सरांनी टोपी काढून हातात धरली.

"सोमवारी मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो," ते म्हणाले. "त्यांच्या पार्किंगला पिवळे खांब आहेत. पाऊस कोसळत होता, म्हणून त्या दिवशी प्रदक्षिणा राहिली."

"पण तुम्हाला आठवेल ना सर, आपटली असती तर," मी म्हणालो.

"तेच तर," ते म्हणाले. "आठवत नाहीये."

त्या संध्याकाळी मी बायकोला पुण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग आत्ता जा ना!" मी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर दारातूनच सरांचा आवाज आला. ते तंत्रज्ञ आजोबांशी फोनवर बोलत होते. शनिवारचं जमणार नाही, आणि पुढचंही बघू, असं काहीतरी. पलीकडून काय उत्तर आलं माहीत नाही. सर म्हणाले, "भट्टीचं? बरं बाबा, भट्टी तुझीच बरोबर होती." पस्तीस वर्षांचं भांडण त्यांनी फोनवर सोडून दिलं. ते ऐकून मला जे वाटलं ते खांबाच्या आवाजापेक्षाही वाईट होतं. मी घंटी न वाजवता परत फिरलो. हाही माझाच भ्याडपणा. तो लपवत नाही.

आठव्या दिवशी, सोमवारी सकाळी, निळ्या कोटातल्या बाई क्लेमचा फॉर्म घेऊन आल्या. सरांनी मला बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. गाडी अंगणात मधोमध आणलेली होती, फोटो काढायचे म्हणून. सरांनी कोट घातला होता, टाय लावला होता. शिक्का हातात. फॉर्म बॉनेटवर पसरला होता.

"कारण या रकान्यात काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"चालकाची चूक. चालक मी. आठवत नाही, असंही लिहा." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "इथे शिक्का मारून मी पोलिसांकडे जाणार. लायसन्स द्यायला. तू येशील ना बरोबर? काकू म्हणतात त्यांना रडू येईल."

काकू दारात उभ्या होत्या आणि आताच रडत होत्या. देव्हाऱ्याजवळचं ते 'वीस'चं पत्र त्यांच्या हातात होतं. बाहेर का आणलं होतं कोण जाणे.

सरांनी शिक्क्यावर हा हा करून फुंकर मारली. अगदी तशीच, जशी माझ्या घराच्या करारावर मारली होती.

मला नीट वाक्य सुचलं असतं तर मी ते बोललो असतो. आठ दिवस जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं पळाली होती. सरांचे पांढरे हातमोजे बॉनेटवर पडले होते. मी ते उचलले आणि चढवले. मला घट्ट होत होते. गाडीला प्रदक्षिणा घातली, दाराशी आलो, हात ताणला आणि जन्मात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो:

"मागचं डावं दार! पोचा! मी पाडला!"

वरची खिडकी उघडली. आजी आल्या.

"रिसायकल शॉपचा पिवळा खांब! रविवारी दुपारी! प्रदक्षिणा घातली नाही!"

बाई पेन धरून तशाच राहिल्या. ज्यावर रविवारी 'हो सर' म्हणालो होतो तो फोन मी खिशातून काढला आणि त्याकडे बोट रोखलं. "एक दिवसाचा विमा! घेतला नाही! घेतला म्हणून खोटं बोललो! ठीक होती म्हणून खोटं बोललो!"

आणि मग सरांच्या टोपीखालच्या टकलाकडे बोट केलं. "सरांचं डोकं! शाबूत! पूर्ण शाबूत!"

सगळे माझ्याकडे बघत होते. तारेवर एक कावळा होता, तोसुद्धा.

"म्हणजे," सर हळूच म्हणाले, "मी नाही?"

"नाही सर."

"मी विसरलो नाही?"

"विसरायला काही नव्हतंच सर."

त्यांनी शिक्का खिशात टाकला. मग टोपी काढली आणि सरळ वर, गच्चीच्या वर उडवली. "अगं ए! ऐकलंस का? मी नाही! हा गाढव! हा गाढव!" काकूंना त्यांनी दोन्ही हातांनी धरून गाडीभोवती एक फेरी मारायला लावली, काकू म्हणताहेत "अहो, लोक बघतायत," आणि लोक म्हणजे आजी, त्या वरून टाळ्या वाजवत होत्या. सरांनी बाईंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि जपानीत सांगितलं, "दोष दुसऱ्याचा! क्लेम नाही! पायरी वीस!" बाईंनी न हसता फॉर्म चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. मग तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की निळ्या कोटाचं बटण तुटलं.

सर परत आत जाऊन फोन लावून आले. मला एवढंच ऐकू आलं, "शनिवारी तयार राहा! आणि भट्टी माझीच बरोबर होती!"

मग ते माझ्यासमोर उभे राहिले. शर्टाचं बटण धरलं.

"दुरुस्ती खाजगी. इतकी खाजगी की गॅरेजवाल्याला पैसे नाहीत. त्याचा हातोडा आणायचा, आणि दार तू ठोकून सरळ करायचं. मी शेजारी खुर्ची टाकून बसणार आणि शिकवणार. येतील तेवढे रविवार."

"हो सर."

"हे तिसरं 'हो सर'. आधीची दोन खोटी होती."

"हो सर. म्हणजे, हे खरं आहे."

"आणि एक राहिलं."

"काय सर?"

त्यांनी मागे सरकून हात पाठीमागे बांधले, आगगाडी सुटण्यापूर्वी फलाटावर स्टेशनमास्तर उभा राहतो तसे. डोळे भरलेले होते, पण ते मला दाखवायचे नाहीत असं ठरवलेलं दिसत होतं.

मला कळलं. मी त्यांच्याच हातमोज्यातलं बोट स्वतःच्या छातीवर रोखलं. तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतंच पुटपुटलो.

"ऐकू येत नाही," सर म्हणाले. "बोट रोखलं की उच्चार स्पष्ट हवा."

खिडकीतून आजी मान हलवून धीर देत होत्या. काकूंनी ते पत्र छातीशी धरलं होतं. मी पूर्ण श्वास घेतला.

"हा माणूस!" मी ओरडलो. "चुकला! तुम्ही न वाचता शिक्का मारला होतात आणि यानं तुम्हाला तुमच्याच डोक्यावर संशय घ्यायला लावला! माफ करा, सर!"